नगराच्या नावातून जन्मलेला द्रष्टा

दक्षिण वेल्सच्या पश्चिम भागात टावी नावाची नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जेथे आपली शेवटची मोठी वळणे घेते, तेथे तिच्या उत्तर तीरावरील उंचवट्यावर एक फार प्राचीन नगर वसलेले आहे. इंग्रज लोक त्याला कार्मार्थन म्हणतात. वेल्श लोकांच्या तोंडी त्याचे नाव काइरवर्दिन असे आहे. वेल्श भाषेत ‘काइर’ म्हणजे तटबंदीचे ठाणे, गढी अथवा किल्ला. आणि त्या भाषेच्या व्याकरणाचा असा एक नियम आहे की, अशा स्त्रीलिंगी शब्दामागून जोडून येणाऱ्या नावाच्या आरंभीचा मकार मृदू होऊन त्याचा वकार होतो. तेव्हा ‘काइरवर्दिन’ची फोड करू गेल्यास ‘काइर’ आणि ‘मर्दिन’ असे दोन शब्द हाती लागतात, आणि त्यांचा सरळ अर्थ ‘मर्दिनाचा किल्ला’ असा होतो. हा मर्दिन कोण, असे त्या मुलखातील कोणाही वृद्धाला विचारले असता त्याचे उत्तर शेकडो वर्षांपासून ठरलेले आहे: राजा आर्थरच्या कथाचक्रातील जो महान मांत्रिक आणि भविष्यवेत्ता, ज्याला सारे जग मर्लिन या नावाने ओळखते, तोच हा मर्दिन, तो या नगरात जन्मला आणि म्हणून नगराला त्याचे नाव पडले.

ही व्युत्पत्ती इतकी सहज आणि इतकी समाधानकारक आहे की, तिच्यावर शंका घेण्याचे कारण दीर्घकाळ कोणालाच वाटले नाही. पुरुषाच्या नावावरून गावाचे नाव पडणे हा जगाचा शिरस्ताच आहे. परंतु या एका नगराच्या बाबतीत घडलेली गोष्ट नेमकी उलट आहे, असे आधुनिक काळातील बहुसंख्य भाषापंडितांना वाटते. आणि त्यांच्या म्हणण्यातील पुरावा तपासून पाहिला म्हणजे मानवी कल्पनेच्या एका अद्भुत व्यापाराचे दर्शन आपल्याला घडते. त्यांचे म्हणणे असे की, नगर पुरुषाच्या नावावरून ओळखले जाऊ लागले नाही, तर पुरुषच नगराच्या नावातून उत्पन्न झाला.

प्रथम मूळ कथा पाहू. ती ज्याने जगप्रसिद्ध केली तो ग्रंथकार मॉन्मथचा जेफ्री हा १२ व्या शतकातील एक धर्माधिकारी असून त्याच्या आयुष्याचा मोठा भाग ऑक्सफर्ड येथे गेला. इ.स. ११३६ च्या सुमारास त्याने लॅटिन भाषेत ब्रिटनच्या राजांचा एक इतिहास रचला. ऑक्सफर्डचा आर्चडीकन वॉल्टर याने आपल्याला ब्रिटिश भाषेतील एक अतिप्राचीन पुस्तक दिले आणि आपण त्याचे केवळ भाषांतर करीत आहोत, असे तो सांगतो. पण ते पुस्तक पुढे कोणाच्याही दृष्टीस पडले नाही. या बखरीची लोकप्रियता मात्र विलक्षण होती. मुद्रणकलेच्या कित्येक शतके आधीचा हा ग्रंथ असूनही त्याच्या दोनशेहून अधिक हस्तलिखित प्रती आजमितीला उपलब्ध आहेत.

जेफ्री सांगतो की, ब्रिटनचा राजा व्होर्टिगर्न याने सॅक्सन लोकांना साह्यार्थ बोलावून राज्यात आश्रय दिला, आणि त्यांनीच विश्वासघात केल्यावर तो जीव घेऊन वेल्सच्या डोंगराळ मुलखात पळून गेला. तेथे आपल्या रक्षणासाठी एक भक्कम बुरूज बांधावा असे त्याने ठरविले. परंतु दिवसभरात जेवढे बांधकाम होई तेवढे रात्री धरणीच्या पोटात गडप होऊ लागले. मांत्रिकांनी कौल दिला की, ज्याला पिता नाही असा मुलगा शोधून आणावा आणि त्याचे रक्त चुन्यावर व दगडांवर शिंपडावे, म्हणजे पाया स्थिर होईल. राजाचे दूत देशोदेशी फिरत फिरत एका नगराच्या वेशीशी आले. मुले तेथे खेळत होती. प्रवासाने थकलेले दूत खेळ पाहत बसले असता दोन मुलांची भांडणे जुंपली, आणि त्यांतील डिनाब्यूटियस नावाच्या मुलाने दुसऱ्याला हिणविले की, माझे कुळ दोन्ही बाजूंनी राजवंशाचे आहे. तुझा तर बाप कोण हेही कोणास ठाऊक नाही! तो दुसरा मुलगा मर्लिन होता, आणि ते नगर काइरमर्दिन. चौकशीअंती दूतांना कळले की, मुलाची आई डेमेटिया देशाच्या राजाची कन्या असून ती त्याच नगरात सेंट पीटरच्या चर्चमध्ये जोगिणींच्या समवेत राहते. (या संताच्या नावाचे चर्च नगरात आजही आहे, जेफ्री आपल्या कल्पिताला परिचित स्थळांचा आधार किती कुशलतेने देत असे त्याचा हा एक दाखला होय.) नगराच्या अधिकाऱ्याने राजाज्ञेप्रमाणे मायलेकांची रवानगी केली. राजापुढे मातेने निवेदन केले की, एक देखणा तरुण आपल्याजवळ प्रकट होई आणि क्षणात अदृश्य होई. त्याच्यापासूनच हा पुत्र झाला. दरबारातील पंडिताने, पृथ्वी आणि चंद्र यांच्यामध्ये वावरणाऱ्या अर्धमानव योनी असे करू शकतात, असा निर्वाळा दिला.

पण बळी जाण्याऐवजी त्या बालकाने मांत्रिकांनाच आव्हान दिले. पायाखाली काय आहे ते तुम्हांला माहीत आहे काय, असा प्रश्न त्याने केला आणि ते निरुत्तर झाल्यावर सांगितले की, येथे एक तळे आहे. ते उपसा, म्हणजे तळाशी दोन पोकळ शिळा दिसतील आणि त्यांत दोन नाग निद्रिस्त असतील. तसेच झाले. एक तांबडा आणि एक पांढरा असे ते दोन पंखधारी नाग जागे होऊन एकमेकांवर तुटून पडले, आणि तो मुलगा अश्रू ढाळीत त्या युद्धाचा अर्थ सांगू लागला: तांबडा नाग म्हणजे ब्रिटनचे लोक, पांढरा म्हणजे सॅक्सन. तेथून मर्लिनची ती सुप्रसिद्ध भविष्यवाणी सुरू होते, जिचा आधार घेऊन पुढे कित्येक शतके राजे आणि बंडखोर आपापल्या पक्षाचे समर्थन करीत राहिले.

आता, ही कथा जेफ्रीने पूर्णतः आपल्या मनाने रचली असे नाही. त्याच्या तीनशे वर्षे आधी, इ.स. ८२९-३० च्या सुमारास, वेल्समध्ये रचला गेलेला ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ नावाचा एक लॅटिन ग्रंथ आहे. तो परंपरेने नेनियस नावाच्या लेखकाच्या नावावर मोडतो. ढासळणारा बुरूज, पितृहीन बालक, भूमिगत जलाशय आणि झुंजणारे दोन नाग हे सर्व त्यात जसेच्या तसे आहे. मात्र तेथे त्या मुलाचे नाव मर्लिन नाही. ते आहे अँब्रोसियस, वेल्श रूपाने एम्रिस. आणि दूतांना तो सापडतो तेही काइरवर्दिनात नव्हे, तर वेल्सच्या आग्नेय भागातील ग्लिविसिंग नावाच्या प्रदेशात, एलेटी या मैदानावर चेंडू खेळताना. बुरुजाची जागा लोकपरंपरेने उत्तरेतील स्नोडनच्या डोंगरात दाखविली जाते आणि त्या टेकडीला आजही ‘दिनास एम्रिस’, म्हणजे एम्रिसची गढी, असेच म्हणतात.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, जेफ्रीने मुलाचे नाव का पालटले आणि त्याचे गाव का पालटले? त्याने दोन्ही बदल एकत्र केले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मर्लिन हे नाव स्वीकारताच काइरवर्दिन हे गाव आपोआप आले. किंवा असेही म्हणता येईल की, ते गाव डोळ्यांसमोर असल्यामुळेच ते नाव सुचले. (मूळच्या मुलाचे नाव टाकून देणेही त्याला जड वाटले असावे, म्हणून तो मध्येच ‘मर्लिन, ज्याला अँब्रोसियसही म्हणत’ अशी जोड देऊन दोघांना एक करून टाकतो.) गावांच्या नावांतून पुरुष निर्माण करण्याची या ग्रंथकाराला किती आवड होती हे त्याच्या बखरीत पानोपानी दिसते. ब्रिटन हे नाव ट्रॉयहून आलेल्या ब्रूटस नावाच्या राजपुत्रावरून पडले. त्याचा एक पुत्र कँबर, म्हणून वेल्सला कँब्रिया. दुसरा लोक्रिनस, म्हणून इंग्लंडला लोएग्रिया. लूड राजामुळे लंडन, आणि लिअर राजाने वसविले म्हणून लेस्टर. शेक्सपिअरच्या शोकात्म नाटकाचा नायक झालेला तो दुर्दैवी वृद्ध राजा प्रथम ज्या ग्रंथात अवतरतो तो हाच. अशा ग्रंथकाराच्या हाती काइरवर्दिनासारखे नाव पडले असता त्याने काय केले असेल हे सांगावयास नको.

परंतु जेफ्रीवर सर्व ठपका ठेवणे हे अन्यायाचे होईल. मर्दिन नावाचा एक भविष्यवक्ता वेल्श लोकांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. इ.स. ९३० च्या सुमारास रचले गेलेले ‘आर्मेस प्रिडेन’ नावाचे एक दीर्घ वेल्श काव्य आहे. सॅक्सनांना देशाबाहेर हाकलून देण्यासाठी सर्व केल्टिक लोक एक होतील, असे भविष्य त्यात वर्तविले असून त्यातील एक भाकीत मर्दिनाच्या नावावर सांगितले आहे. म्हणजे जेफ्रीच्या दोनशे वर्षे आधी मर्दिन हा द्रष्टा म्हणून मान्यता पावलेला होता. मग तो खरा ऐतिहासिक पुरुष असून त्याच्यावरून नगराचे नाव पडले, असे मानण्यास हरकत कोणती?

हरकत आहे ती काळाची, आणि ती दुर्लंघ्य आहे. इ.स. च्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ज्योतिषी आणि भूगोलवेत्ता टॉलेमी याने ज्ञात जगातील स्थळांची जी प्रचंड यादी तयार केली, तीत ब्रिटनच्या पश्चिम टोकास राहणाऱ्या डेमेटी नावाच्या जमातीची दोन नगरे नमूद आहेत, आणि त्यांपैकी एकाचे नाव ‘मारिडूनम’ असे आहे. रोमन साम्राज्यातील मार्ग आणि मुक्काम यांची जी नोंदवही ‘अँटोनाइन इटिनररी’ म्हणून प्रसिद्ध आहे, तीतही हे ठाणे ‘मुरिडूनम’ या रूपाने आढळते. नगराचे रोमन स्वरूप भूमीनेही जतन करून ठेवले आहे. इ.स. ७५ च्या सुमारास येथे लष्करी ठाणे वसले. पुढे त्याच्याजवळ डेमेटी जमातीच्या कारभाराचे नागरी केंद्र उभे राहिले, आणि त्याचे लंबवर्तुळाकार रंगमंडळ, वेल्समध्ये शिल्लक असलेल्या मोजक्या रोमन रंगमंडळांपैकी एक, उत्खननाने उजेडात येऊन प्रायरी स्ट्रीटच्या बाजूस आजही पाहावयास मिळते. व्होर्टिगर्नचा काळ ५ व्या शतकाचा. मर्दिनाशी जिचा संबंध जोडला जातो ती आर्व्हदेरिदची लढाई इ.स. ५७३ ची. म्हणजे मर्दिन जन्मण्यापूर्वी निदान तीनशे वर्षे हे नगर आपले नाव धारण करून उभे होते!

त्या रोमनकालीन नावाचा अर्थही संदिग्ध नाही. वरील दोन्ही रूपांच्या मुळाशी असलेले ‘मोरिडूनम’ हे प्राचीन ब्रिटॉनिक भाषेतील ‘मोरि’ आणि ‘डूनोन’ या दोन शब्दांचे लॅटिन रूप आहे. ‘मोरि’ म्हणजे समुद्र. लॅटिनमधील ‘मारे’ आणि जर्मनमधील ‘मेर’ हे त्याचेच सोदर होत. ‘डूनोन’ म्हणजे दुर्ग. फ्रान्समधील लिआँ या शहराचे प्राचीन नाव ‘लुगडूनम’ होते त्यात हाच शब्द आहे, आणि इंग्रजीतला ‘टाउन’ हाही त्याचा दूरचा आप्त आहे. एकंदरीत, मोरिडूनम म्हणजे सागरदुर्ग. नगर समुद्रापासून काही मैल आत असले तरी भरतीचे पाणी नदीतून तेथपर्यंत चढते आणि जहाजे पूर्वी त्याच्या धक्क्याला लागत असत, हे ध्यानी घेता नाव यथार्थच म्हटले पाहिजे. या नावात कोणा पुरुषाचा संबंध नव्हता याचे आणखी एक प्रमाण त्याच अँटोनाइन नोंदवहीत मिळते: दक्षिण इंग्लंडच्या किनाऱ्याकडील एक्सेटरच्या मार्गावर मोरिडूनम नावाचे दुसरेही एक ठाणे तीत नमूद आहे. तेथे मात्र मर्लिनची कथा कोणीही सांगितली नाही.

मग मोरिडूनमचे मर्दिन कसे झाले? रोमन अंमल संपून गेल्यानंतरच्या दोन शतकांत ब्रिटॉनिक भाषेत फार मोठे स्थित्यंतर झाले, आणि त्यातूनच आजची वेल्श भाषा उदयास आली. शब्दांच्या अखेरची अक्षरे गळून पडली. दोन स्वरांमधील कठीण दकार मृदू होऊन घर्षक झाला. दीर्घ ऊकाराचा ईकार झाला. आणि पुढे येणाऱ्या इकाराच्या प्रभावाने आधीच्या ओकाराचे रूप पालटले. यांतील एकही परिवर्तन आकस्मिक नाही. ही सर्व त्या भाषेतील इतर शेकडो शब्दांतही त्याच नियमाने झालेली आहेत. त्यांच्या ओघात सापडून ‘मोरिडूनोन’ हे भारदस्त नाव घासत घासत ‘मर्दिन’ एवढेच उरले. यातील सर्वांत चमत्कारिक भाग असा की, त्याचे दोन्ही घटक सुटेपणी भाषेत जिवंतच होते: वेल्शमध्ये समुद्राला आजही ‘मोर’ म्हणतात आणि गढीला पूर्वी ‘दिन’ अथवा ‘दिनास’ म्हणत. परंतु समासात ते एकमेकांत असे मुरून गेले की, बोलणाऱ्यांना ते ओळखू येईनात. अर्थ हरपला, ध्वनी तेवढा राहिला. तेव्हा, जुने रोमन तट तर समोर दिसत आहेत, मग हा कसला तरी किल्ला असलाच पाहिजे, अशा विचाराने लोकांनी आरंभी ‘काइर’ हा शब्द जोडला. मूळ नावात दुर्ग होताच. आता तो दुसऱ्यांदा आला.

येथे आपण या कथेच्या मर्मस्थानी येऊन पोहोचलो. ‘काइर’ जोडला जाईपर्यंत मर्दिन हे एका स्थळाचे नाव होते. तो जोडला जाताच ते षष्ठीत गेल्यासारखे झाले. अमक्याचा किल्ला! आणि ज्याचा किल्ला तो कोणीतरी असलाच पाहिजे. निरर्थक झालेले नाव लोकमनाला फार काळ सहन होत नाही. ते त्या पोकळीत आपल्या स्मृतीतून, श्रद्धेतून आणि आकांक्षेतून काहीतरी भरल्यावाचून राहत नाही. पराभूत झालेल्या, सुपीक मैदाने गमावून डोंगरांत लोटल्या गेलेल्या वेल्श समाजाची सर्वांत तीव्र आकांक्षा कोणती असेल? आपले गेलेले राज्य परत मिळेल असे कोणीतरी अधिकारवाणीने सांगावे, ही. म्हणून त्या रिकाम्या नावात योद्धा अवतरला नाही, संतही अवतरला नाही, भविष्यवेत्ता अवतरला. कार्डिफ येथील वेल्शचे अध्यापक ए. ओ. एच. जार्मन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘द लेजंड ऑफ मर्लिन’ या व्याख्यानग्रंथात हे मत साधार मांडले. सर्वच अभ्यासक त्यांच्याशी सहमत आहेत असे नाही. मर्दिन हे मुळात व्यक्तिनामच असावे असे मानणारेही काही आहेत. परंतु टॉलेमीचा दाखला आणि ध्वनिपरिवर्तनांचे ते निरपवाद नियम यांपुढे जार्मन यांचा पक्षच मला बलवत्तर वाटतो.

अशा रीतीने जन्मलेल्या या द्रष्ट्याला पुढे चरित्र मिळाले तेही उसने. उत्तर ब्रिटनमध्ये, आजच्या इंग्लंड-स्कॉटलंड सरहद्दीजवळ, त्या ५७३ च्या लढाईत आपला स्वामी ग्वेन्दोलाय याचा वध झालेला पाहून भ्रमिष्ट झालेल्या आणि केलिदॉनच्या अरण्यात पशूंच्या संगतीत राहून भविष्य बोलणाऱ्या एका वेड्याची हकीकत प्रचलित होती. स्कॉटलंडमधील सेंट केंटिगर्नच्या कथांत त्याचे नाव लाइलोकेन असे येते. ही हकीकत वेल्समध्ये आली आणि मर्दिनाच्या नावाशी एकजीव झाली. गंमत अशी की, त्या वेड्या मर्दिनाच्या तोंडची जुनी वेल्श काव्ये, ज्यांत तो सफरचंदाच्या झाडाशी आणि एका डुकराच्या पिलाशी आपले दुःख बोलतो, ती ज्या हस्तलिखितात जतन झाली ते हस्तलिखित याच नगराच्या नावाने ओळखले जाते. ‘कार्मार्थनचे काळे पुस्तक’ हे इ.स. १२५० च्या सुमारास एकाच लेखकाने लिहून काढले. त्याचा संबंध या नगरातील ऑगस्टिनियन मठाशी जोडला जातो, आणि वेल्श काव्याच्या उपलब्ध संग्रहांत त्याचे स्थान आद्य मानले जाते. आज ते अ‍ॅबरिस्टविथ येथील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यातील पहिलेच काव्य म्हणजे मर्दिन आणि कवी तालिएसिन यांचा संवाद होय.

जेफ्रीला ही उत्तरेकडील कथा मागाहून कळली असावी, कारण इ.स. ११५० च्या सुमारास त्याने मर्लिनचे जे पद्यमय चरित्र रचले त्यात नायक दक्षिण वेल्सचा राजा असूनही उत्तरेतील लढाईनंतर वेडा होऊन अरण्यात जातो. पण व्होर्टिगर्नपुढे बालक असलेला मर्लिन शंभराहून अधिक वर्षांनंतरच्या लढाईत कसा असू शकेल? हा पेच ज्याला जाणवला आणि ज्याने तो आपल्या परीने सोडविला तो वेल्सचा जेरल्ड. हा विद्वान धर्मपुरुष इ.स. ११८८ मध्ये आर्चबिशप बाल्डविनसमवेत धर्मयुद्धासाठी लोक जमविण्याच्या निमित्ताने साऱ्या वेल्समधून फिरला आणि त्या प्रवासाचे त्याने अत्यंत वाचनीय वर्णन लिहिले. काइरवर्दिनाविषयी तो सांगतो की, मर्लिन येथे सापडला म्हणून हे मर्लिनचे नगर. आणि लगेच, जुन्या विटांच्या तटाचे काही भाग अद्याप उभे आहेत अशी नोंद करतो. ते तट रोमन काळचे. म्हणजे खऱ्या उत्तराचा अवशेष डोळ्यांनी पाहत असतानाच त्याने कल्पित उत्तर कागदावर उतरविले! मर्लिन मात्र दोन होते, एक व्होर्टिगर्नच्या काळचा आणि दुसरा अरण्यवासी, असा त्याने निवाडा दिला.

जेफ्रीने मर्दिनाचे लॅटिन रूप ‘मर्डिनस’ न करता ‘मर्लिनस’ का केले, याविषयी गास्तों पारी या फ्रेंच पंडिताने १९ व्या शतकात एक तर्क केला होता: नॉर्मन दरबारातील फ्रेंच भाषिक श्रोत्यांच्या कानांना पहिल्या रूपात एका अशिष्ट शब्दाचा ध्वनी ऐकू आला असता. तर्क सिद्ध करता येण्याजोगा नाही, पण संभवनीय आहे. आणि तो खरा असल्यास मध्ययुगातील सर्वांत विख्यात मांत्रिकाचे नाव एका लेखकाच्या शिष्टाचारबुद्धीने ठरविले असे म्हणावे लागेल.

या नगरनामाची दुसरीही एक दंतकथा आहे आणि ती मर्लिनच्या दिगंत कीर्तीमुळे मागे पडली, याचे मला वाईट वाटते. ‘माबिनोगियन’ या वेल्श कथासंग्रहात रोमचा सम्राट माक्सेन याच्या स्वप्नाची एक मनोहर कथा आहे. स्वप्नात पाहिलेल्या सुंदरीच्या शोधात सम्राटाचे दूत वेल्सपर्यंत येतात. एलेन नावाची ती कन्या सापडते. आणि विवाहाच्या वेळी ती आपल्या स्त्रीधनात तीन दुर्ग मागून घेते. एक आर्व्होनचा, म्हणजे आजचे कर्नार्व्हन, दुसरा काइरलिऑन, आणि तिसरा आपले हे काइरवर्दिन. हा दुर्ग असंख्य माणसे लावून बांधला म्हणून त्याला ते नाव पडले, असे कथाकार सांगतो. वेल्शमध्ये ‘मर्द’ या शब्दाचा अर्थ दहा हजार, अगणित, असा होतो. म्हणजे ‘अयुतांचा किल्ला’. ही व्युत्पत्तीही चुकीचीच. परंतु तिच्यात एक खरी आठवण दडलेली आहे. माक्सेन म्हणजे इ.स. ३८३ ते ३८८ पर्यंत पश्चिमेत सत्ता गाजविणारा, ब्रिटनमधील सैन्याने सम्राट म्हणून पुकारलेला माग्नस माक्सिमस. आणि कथेतील तिन्ही दुर्ग खरोखर रोमनांनीच वसविलेले होते. मर्लिनच्या कथेने जे विसरावयास लावले ते या कथेने, वेडेवाकडे का होईना, जपून ठेवले.

नावातून माणूस उभा राहण्याची ही क्रिया मध्ययुगातच संपली असे समजू नये. दिनास एम्रिसच्या टेकडीपासून जवळच बेदगेलर्ट नावाचे खेडे आहे. ‘बेद’ म्हणजे थडगे; गेलर्ट हा बहुधा कोणी विस्मृत प्राचीन साधू असावा. १८ व्या शतकाच्या अखेरीस तेथील एका खाणावळीच्या चालकाने प्रवाशांना आकर्षित करण्यासाठी, गेलर्ट हा लेवेलिन राजाचा इमानी शिकारी कुत्रा होता, त्याने राजपुत्राला लांडग्यापासून वाचविले आणि त्याच्या रक्ताळलेल्या तोंडावरून गैरसमज होऊन राजाने त्यालाच ठार केले, अशी कथा गावाला चिकटविली. कुत्र्याचे थडगेही उभे राहिले. कोणाही मराठी वाचकाला ही कथा ऐकताक्षणी ओळख पटेल, कारण ती पंचतंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगूस यांची आहे. अनेक भाषांतून, अनेक शतकांचा प्रवास करीत ती त्या डोंगरी खेड्यापर्यंत पोहोचली.

काइरवर्दिनानेही आपली कथा अत्यंत निष्ठेने सांभाळली. नगराच्या पूर्वेस आबरग्विली गावाजवळ ‘ब्रिन मर्दिन’ नावाची टेकडी असून तिच्यावर लोहयुगातील तटबंदीचे अवशेष आहेत. तिच्या पोटातील गुहेत मर्लिन मंत्रबद्ध होऊन पडला आहे आणि कान देऊन ऐकले असता त्याचे कण्हणे ऐकू येते, असे लोक सांगत आले. त्याच्या नावावर भाकितेही फिरत राहिली. एका भाकितात असे म्हटले होते की, लानल्लूख हे गाव होऊन गेले, काइरवर्दिन बुडेल, आबरग्विली मात्र टिकेल. दुसरे भाकीत प्रायरी स्ट्रीटच्या तोंडाशी उभ्या असलेल्या जुन्या ओक वृक्षाविषयी होते: तो पडला की नगरही पडेल. हा वृक्ष वस्तुतः १७ व्या शतकाच्या मध्यात, राजा दुसरा चार्ल्स याच्या पुनरागमनाच्या सुमारास लावला गेला असे म्हणतात. तरीही तो मर्लिनचाच मानला गेला. १९ व्या शतकात, त्याच्या छायेत जमणाऱ्या लोकांच्या गोंगाटाला कंटाळून कोणी त्याला विष घातले, असे सांगतात. वृक्ष मेला; पण भाकिताच्या धाकाने नगरवासीयांनी तो पडू दिला नाही. वठलेल्या खोडाला सिमेंटचा आधार आणि लोखंडी कठडा देऊन ते भर रस्त्यात कित्येक वर्षे उभे ठेवले होते. शेवटी १९७८ मध्ये, वाहनांच्या वर्दळीला अडथळा होतो म्हणून ते हलविले गेले. खोडाचा एक भाग नगराच्या सभागृहात ठेवण्यात आला, आणि दुसरा वस्तुसंग्रहालयात नेण्यात आला. हे वस्तुसंग्रहालय पूर्वीच्या बिशपच्या प्रासादात असून तो प्रासाद आबरग्विली येथे, म्हणजे भाकिताप्रमाणे जे गाव टिकावयाचे आहे तेथेच, आहे. मोरिडूनमच्या भूमीतून निघालेल्या रोमन वस्तूही त्याच संग्रहालयात मांडलेल्या आहेत.